धाकट्या जावेचं तोंड

माझी धाकटी जाऊ अर्पिता हिला मी पाण्यात पाहते. हे मी कधी लपवलेलं नाही, त्यामुळे कुणी मला ते नव्यानं सांगायला येऊ नये. येरमाळ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, थोरलीचं धाकटीशी पटत नाही एवढं सगळे सांगतील. का पटत नाही हे विचाराल तर मात्र जो तो आपापलं कारण सांगेल आणि सगळी चुकीची निघतील. आमच्यात वाटणीचं भांडण नाही, स्वयंपाकघराचं नाही, सासूनं दोघींत लावून दिलेलं नाही. कारण आहे अर्पिताचा चेहरा.

ती मी पसंत केलेली मुलगी आहे, हे आधी सांगायला हवं. माझे दीर योगीराज यांच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही लोहाऱ्याला गेलो होतो. बाईमाणसाचं बाईला कळतं म्हणून सासूबाईंनी निकाल माझ्यावर सोडलेला. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि मी सगळ्यात आधी तिचे गाल पाहिले. दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे, काळे डाग, हनुवटीवर ताज्या पुटकुळ्या. नाकडोळे नीटस होते, उंची होती, बोलणं मऊ होतं, पण गाल म्हणजे नांगरून ठेवलेलं ढेकळाचं रान. मला एकदम निवांत वाटलं. मी स्वतः सावळी, दोन बाळंतपणांनी दोन्ही गालांवर वांग ठेवून दिलेलं. येणारी जाऊ आपल्यापेक्षा उजवी नसावी असं कुठल्या थोरल्या सुनेला वाटत नाही?

परत येताना जीपमध्ये मी म्हणाले, "आत्याबाई, पोरगी लई गुणाची हाय. हिलाच करा."

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्यांनी माझं ऐकलं आणि अर्पिता आमच्या घरात आली. मी यात काही पाप केलं असं मला वाटत नाही. पाप असलंच तर ते पुढं तिनं केलं. मी जो चेहरा पसंत केला होता तो तिनं ठेवला नाही.

सुरुवातीला आमचं गुळपीठ होतं. ती मला अक्का म्हणायची, मी तिच्या केसांना तेल लावायची. फोटो काढायची वेळ आली की ती सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहायची आणि स्कार्फ असा गुंडाळायची की नुसते डोळे दिसावेत. मी तिला पुढं ओढायची, "असू दे गं, तोंडाकडं कोण बगतंय" म्हणायची. बेसन-हळद लाव, मुलतानी माती लाव, असले उपाय सांगायची. ती बिचारी सगळं करायची. डाग होते तिथंच राहायचे. मला तिची कीव यायची, आणि कुणाची तरी कीव करायला मिळणं ही काय सुखाची गोष्ट असते ते मला त्या वर्षांत कळलं.

मग योगीराज तिला सोलापूरला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. ते येरमाळा-कळंब जीप चालवतात. दिवसाची कमाई बुडवून बायकोला सोलापूरला नेणारा नवरा आमच्या घराण्यात त्याआधी झाला नव्हता. माझ्या मालकांनी मला दाताच्या डॉक्टरकडं न्यायला दोन दिवाळ्या लावल्या होत्या.

तिथं तिच्या तोंडाला पहिल्यांदा पील केलं. पील म्हणजे तसं काही मोठं नाही. उसातून, दुधातून, चिंचेतून, द्राक्षातून काढलेलं आंबट पाणी असतं, त्यातलं सौम्य असेल ते घ्यायचं. धुतलेल्या तोंडाला लावून घड्याळाकडं बघत बसायचं. मुंग्या आल्यासारखं होतं. वेळ झाली की पुसून टाकायचं. पुढं काही दिवस वरची मेलेली कातडी कोंड्यासारखी सुटत राहते आणि खाली नवी दिसायला लागते. हे मला कसं ठाऊक, तर अर्पितानं सगळ्या घराला जेवताना समजावून सांगितलं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे चिंचेच्या कोळानं देवाची भांडी घासतो तसं की गं."

"तसंच की, आत्याबाई. पर घासायचं न्हाय. नुसतं लावायचं."

मी म्हणाले, "माणसाचं तोंड काय तांब्या हाय व्हय, चिंचेनं उजळायला?"

मला वाटलं होतं सगळे हसतील. योगीराजांनी ताक मागितलं.

ती दोन-चारदा सोलापूरला जाऊन आली आणि मग म्हणाली, मला हे शिकायचंय. पहाटेच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. तिकडं ती शिकत होती आणि इकडं दोघींच्या वाटच्या भाकऱ्या मी थापत होते. आमच्या रानात बांधापर्यंत ऊस उभा. त्याच उसाचं पाणी एवढ्याशा बाटलीत घालून ही सोलापुराहून विकत आणते, याचं घरात सगळ्यांना कौतुक. मी एकदा म्हणाले, रानातला ऊस चघळून तोंडाला लावला तर चालंल का? तर अर्पिता गंभीरपणे म्हणाली, "न्हाय अक्का, नुसत्या रसानं मुंग्या येत्याल." तिला टोमणा कळत नाही. टोमणा न कळणाऱ्या माणसाशी वैर धरणं किती अवघड असतं ते मी सांगू शकते.

मला नेमकं कधी कळलं ते सांगते. फाल्गुनात आम्ही दोघी माळवदावर कुरडया घालत होतो. ऊन तिच्या एका गालावर पडलं होतं. मी विटांच्या चुलीवरच्या पातेल्यातला चीक ढवळत सहज वर पाहिलं. खड्डे नव्हते. म्हणजे अगदीच नव्हते असं नाही, पण शोधावे लागत होते. डाग गेले होते. गाल सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा होता. चीक लागल्याचा वास येईपर्यंत मी ढवळायचं विसरले.

ती म्हणाली, "अक्का, खाली लागलं वाटतं."

मी म्हणाले, "लागू दे."

नाकडोळे नीटस आहेत हे मीच लोहाऱ्यात पाहिलं होतं. खड्ड्यांच्या मागं ते दबून होते म्हणून मी गप्प बसले होते. आता ते उघड्यावर आले आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून कुरडया घालू लागले.

मग तिनं रस्त्याकडच्या खोलीतली सोयाबीनची पोती हलवायला लावली आणि तिथं पार्लर काढलं. मला वाटलं होतं, येरमाळ्यात कोण येतंय असल्या कामाला. इथं हायवेवरच्या हॉटेलात वडापाव खपतो, देवीपुढं नारळ खपतो, कातडी काढायला कोण पैसे देणार? पहिली आली ती श्रावस्ती सिस्टर, आरोग्य केंद्रातली नर्स. शिकलेली आणि चौकस बाई. बाटलीवरचं सगळं वाचलं, दहा प्रश्न विचारले आणि मगच खुर्चीत बसली. तिच्या गालावरचे जुने डाग फिके झाले, तसं लसीकरणाला आलेल्या बायका बाळांपेक्षा तिच्याच तोंडाकडं बघायला लागल्या. मग रांग लागली. तेरखेड्याच्या, वाशीच्या लग्न ठरलेल्या पोरीसुद्धा यायला लागल्या.

अर्पिताची काम करायची रीत अशी, की आलेल्या बाईला ती लगेच हात लावत नाही. कानामागं थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी बोलावते. कुणाला तर सरळ परत पाठवते. "मावशी, तुमी रोज उन्हात खुरपायला जाता, आत्ता नगं. पावसाळ्यात या." मावशी नाक मुरडून जायच्या. धंदा करणाऱ्या बाईनं दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी धाडायचं, हे मला आधी सोंग वाटलं. पावसाळ्यात मावशी खरंच आल्या आणि सोबत सुनेला घेऊन आल्या. सोंग नाही हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटलं.

यातही मी कसंबसं निभावून नेलं असतं. पण एके दिवशी मी भाकरी तव्यावर टाकून सहज त्या खोलीत डोकावले, तर खुर्चीत आत्याबाई.

आत्याबाईंचं नाव लक्ष्मीबाई; ते नाव निघालं की अजून भावकीतले बाप्येसुद्धा बसल्या जागी नीट बसतात. पंधरा वर्षं मी त्यांचे पाय चेपले, पण केस विंचरू का म्हणायची माझी कधी टाप झाली नाही. आणि आता त्या मान मागं टाकून, डोळे मिटून पडल्या होत्या आणि अर्पिता त्यांच्या गालावर ब्रशनं ते पाणी लावत होती. आत्याबाईंच्या ओठावर हसू होतं. "मुंग्या आल्या गं बाई," म्हणून त्या लहान पोरीसारख्या पाय हलवत होत्या. मी दारात उभी राहिले. आत भाकरी जळली.

चेहरा पुसून झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि मला म्हणाल्या, "महानंदा, बग की. कसं वाटतंय?"

"गॅसवर भाकरी हाय," मी म्हणाले आणि आत गेले.

त्या रात्रीच्या जेवणाला माझे मालक, बालाजी, जळक्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तू बी करून घे की. तुजं वांग जाईल." वाईट बोलावं असं त्यांच्या मनात नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी दोन दिवस त्यांना वाढलं आणि बोलले नाही.

अर्पितानंही एकदा विचारलं. दुपारची वेळ होती, पार्लरमध्ये कुणी नव्हतं. ती दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमचं वांग तसं लई खोल न्हाय. हळूहळू उतरंल. करायचं का?"

"माझं तोंड मला पुरतंय," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. खरं सांगायचं तर तिनं आग्रह करायला हवा होता. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी चिडले असते, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर खुर्चीत जाऊन बसले असते. पण तिनं माझ्या शब्दाचा मान ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

आता माझं या घरात काय होतं ते सांगते. एकच गोष्ट होती.

चैत्रात आमच्या येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी डोंगरावरून खाली येते आणि चुन्याच्या रानात माणसं देवीसाठी चुनखडीचे खडे वेचतात. डोक्यावर चैत्राचं ऊन असतं, पायाखाली तापलेली माती, आणि तरी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरच्या बायका रानाकडं निघायच्या आधी अंगणात मळवट भरतात. आधी ओली हळद, तिच्यावर कुंकू, केसांपासून भुवयांपर्यंत सगळं कपाळ झाकून जाईल असं. आणि आमच्या भावकीत मळवट भरायचा मान थोरल्या सुनेचा आहे. आत्याबाईंच्या आधी त्यांच्या सासूचा होता, मग आत्याबाईंचा, आणि त्यांचा खांदा दुखून आखडल्यापासून माझा.

पाट मांडलेला असतो. नणंदा, चुलत जावा, पुतणसुना, सगळ्या एकेक करून येऊन बसतात. सगळ्यात आधी सासू. ती पदर मागं सारते, डोळे मिटते आणि माझ्यापुढं तोंड वर करते. ज्या तोंडानं वर्षभर मला भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं, ते तोंड तेवढा वेळ गप्प असतं आणि माझा हात फिरायची वाट बघतं. माझ्या गालांवरचं वांग-बिंग त्या वेळी कुणी बघत नाही. मी त्या घटकेला घरातली थोरली असते. त्या सकाळवर मी उरलेलं वर्ष काढते.

मागच्या चैत्रात यात्रेच्या तोंडावर आमच्या नणंद वनमाला वन्सं तेरखेड्याहून आल्या. त्यांच्या घरी फटाक्यांचं काम चालतं. दारूच्या धुळीनं तोंड कसं काळवंडलंय बघ, म्हणून त्या आल्या आल्या अर्पिताच्या मागं लागल्या. अर्पिता आधी नाही म्हणत होती. यात्रा होऊ द्या, मग निवांत करू. पण वन्सं ऐकणाऱ्यातल्या नाहीत. यात्रेत सगळं गणगोत भेटणार, तेव्हाच तर दिसायचं असतं.

मी धुणं वाळत घालायला त्या खोलीवरून चालले होते. आत अर्पिताचा आवाज आला.

"वन्सं, दुदापास्नं काढलेलं लावतीया, सगळ्यात सौम्य. पर आता आठ दिस जपायचं. उनात पदर फुडं घ्यायचा. अन् लावलेल्या जागी हळद न्हाय, कुंकू न्हाय, साबण बी न्हाय. नव्या कातडीची लई आग व्हती."

"बरं बाई," वन्सं म्हणाल्या.

मी बादली खाली ठेवली. यात्रा त्या आठ दिवसांच्या आतच होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई खुर्चीत बसल्या. लेकीनं केलं म्हणून त्यांनाही हवं होतं. मग दोन्ही चुलत जावा. मग त्यांच्या सुना. मी स्वयंपाकघरातून बघत होते, एकेक जण तोंड धुऊन, लालसर गाल घेऊन बाहेर पडत होती, आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होत होती. हिनं घरातल्या सगळ्या बायकांची तोंडं बाद करून ठेवली. हळद-कुंकू लावायचं नाही म्हणजे मळवट नाही. मळवट नाही म्हणजे थोरली सून ताट घेऊन बसणार कशाला? चेहरा झाला, गिऱ्हाईक झालं, सासू झाली, आता राहिलेलं एवढं एक तेही हिला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, विचारायचं होतंस. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला उत्तर नको होतं, भांडण हवं होतं, आणि तेही अंगणात, सगळ्यांच्या देखत, म्हणजे एकदाचं सगळ्यांना कळलं असतं की ही गोड बोलणारी पोर आतून काय आहे. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी हळद भिजवली. कुंकू चाळून घेतलं. चाळताना मनात आलं, की न विचारता चांगलं चोळूनच लावावं. होऊ दे आग. सुजू देत सगळ्यांची तोंडं आणि बघू दे गावाला हिचं उसाचं पाणी. हा विचार मला इतका आवडला की तो संपू नये म्हणून मी कुंकू पुन्हा चाळलं.

सकाळी अंगणात पाट मांडला. रस्त्यावरून हलग्या वाजत होत्या, बाहेरगावच्या गाड्यांनी हायवे तुंबला होता. बायका नव्या साड्या नेसून अंगणात जमल्या. अर्पिता उंबऱ्याजवळ वन्संच्या गालांना उन्हासाठीचं पांढरं मलम लावत होती. मी ताट घेऊन बसले.

आत्याबाई आल्या, पाटावर बसल्या, पदर मागं सारला आणि तोंड वर केलं.

मी अंगठा हळदीत बुडवला आणि हात तिथंच राहिला. त्यांचे गाल माझ्या समोर होते. लुगडं कमरेला खोचून या बाईनं सगळा जन्म उन्हात काढला होता, आणि उतारवयात तिच्या गालांवर कोवळी कातडी आली होती. माझा त्यांच्यावर राग होता, अर्पितावर तर होताच. पण आता लावायचं म्हटल्यावर माझा हात उचलेना. असा भेकड हात आपल्याला असावा याचाही मला राग आला.

"लाव की गं," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मग मी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "यंदा मळवट न्हाय. म्या कुणाला लावू? हिनं समद्यांची तोंडं सोलून ठिवल्यात. हळद लागली की आग व्हती म्हणून हिनंच सांगितलंय, म्या माज्या कानानं आयकलंय. थोरलीचा मान नगं व्हता तर तोंडावर सांगायचं व्हतं. हे असलं कशाला?"

अर्पिताचा मलमाचा हात वन्संच्या गालावर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, खाली मान घातली. मला वाटलं, सापडली.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "कपाळ कुठं सोललंय?"

"आँ?"

"दर खेपंला समद्या तोंडाला लावती. या खेपंला गालाला अन् नाकाला लावलं, भुवयांच्या वर ब्रश बी नेला न्हाय. म्या म्हणलं, कपाळाला बी लाव की, उगं अर्धं तोंड गोरं अन् अर्धं काळं दिसंल. तर म्हणली, न्हाय आत्याबाई, कपाळ अक्काचं हाय." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "लाव आता. पालखी निघंल."

वन्सं म्हणाल्या, "माजं बी तसंच, वैनी. म्या लई भांडले तिच्याशी, तरी कपाळाला हात लावू दिला न्हाय."

चुलत जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की नाही ते मला ठाऊक नाही, पण मी ती हसत होती असंच धरून चालले आहे.

मी ताट उचललं. आत्याबाईंच्या कपाळावर हळद ठेवली. कपाळ जुनंच होतं, सुरकुत्यांचं, रापलेलं. वन्सं बसल्या. त्यांचंही तसंच. मग चुलत जावा, मग सुना. एकेक कपाळ जसंच्या तसं माझ्यासाठी ठेवलेलं. खाली सगळ्यांचे गाल चकचकीत आणि वर भुवयांपाशी सरळ रेघ ओढल्यासारखा रंग बदललेला. ही रेघ मी आठवडाभर रोज बघत होते. डोळ्यांसमोर असून ती मला दिसली नव्हती, कारण मी गालच बघत होते.

शेवटी अर्पिता आली. पाटावर बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिनं पडू दिलं नाही; गालावर मलम होतं.

"अक्का, म्या सांगायला पायजे व्हतं तुमाला," ती हळूच म्हणाली. "पर तुमी माज्याशी बोलतच न्हाय."

"तोंड वर कर," मी म्हणाले.

तिनं केलं. मी तिच्या कपाळावर हळद भरली, वर कुंकू भरलं. जरा दाबूनच भरलं.

मग आम्ही चुन्याच्या रानात गेलो. पदर पुढं ओढून सगळ्या बायका वाकून खडे वेचत होत्या. माझ्या मागं वन्सं आमच्या भावकीतल्या कुणाला तरी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत होत्या, आणि ती बाई म्हणत होती, "बग, धाकटी असून किती समज हाय पोरीला." संध्याकाळपर्यंत ते गल्लीत झालं. आठवडाभरात श्रावस्ती सिस्टरनंही मला आरोग्य केंद्रात विचारलं, "अक्का, तुमच्या जाऊबाईंनी म्हणे सगळ्यांची कपाळं तुमच्यासाठी ठेवली?" मी म्हणाले, व्हय, ठेवली.

तेव्हापासून मी रोज शोधते, पण हिच्यावर राग धरायला मला कुठं जागा सापडत नाही, आणि हेवा तर पहिल्यापेक्षा वाढला आहे. गोरे गाल मी एक वेळ सोसले असते. येत्या चैत्रातही पाट मांडला जाईल, सासू तोंड वर करील, मळवट मीच भरीन. थोरली म्हणून आलेला तो मान इतकी वर्षं माझा होता, मला कुणी दिलेला नव्हता. आता तो अर्पितानं माझ्यासाठी ठेवलेला आहे, आणि पाटावर येऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे.